बाबा गायला लागले की कॉम्प्युटर बंद

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझा धंदा फॉल-पिकोचा. पण उदगीरात किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला माझं आणि ज्योत्स्नाचं दुकान शेजारी शेजारी आहे, मधे एकच भिंत, आणि ती भिंत वर छतापर्यंत पोचतच नाही. त्यामुळं तिच्याकडं कोण आलं, काय बोललं, प्रिंटरमधे कागद कधी अडकला, हे सगळं मला शिलाई मशीनवरून न उठता कळतं. लोक मला चौकस म्हणतात. भिंत मी बांधलेली नाही.

ज्योत्स्नाच्या दुकानाचं नाव ‘भामा डीटीपी अँड झेरॉक्स’. भामाबाई म्हणजे तिची आई, ती वारली त्याच्या पुढच्या वर्षी ज्योत्स्नानं हे दुकान टाकलं. लग्नपत्रिका, शाळेचे अर्ज, वाढदिवसाचे बॅनर, झालंच तर सातबारा काढून देणं, असं सगळं ती एका कॉम्प्युटरवर करते. पोरगी कामाला वाघ आहे, पण वस्तूंना माणसासारखं जपते. कॉम्प्युटरवर भरतकामाचं झाकण, कीबोर्डवर प्लास्टिक, आणि गिऱ्हाइकानं चहाचा कप टेबलावर ठेवला तर त्या बिचाऱ्याला चहा गोड लागू नये अशी नजर.

तर या दुकानात यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला तिचे वडील येऊन राहिले. नरसिंगबाबा. ही सगळी हकिगत त्यांचीच आहे.

बाबांचं गाव देगलूर तालुक्यात, तेलंगणाच्या अगदी शिवेला. दिवसा रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि रात्री गायन पार्टीत गायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. पेटी, ढोलकी, मंजिरी, मागं कोरसला भामाबाई. जयंती असो, नामकरण असो, कुणाच्या घराची वास्तू असो, नरसिंगाची पार्टी ठरलेली. देगलूर-बिलोलीपासून पार बिदरकडच्या खेड्यांपर्यंत हे लोक टेम्पोत बसून जायचे. गाणी सगळी बाबांनी स्वतः रचलेली. त्यात मराठी, त्यात तेलुगू, मधेच एखादा उर्दूचा शब्द, आणि सगळं चालीत असं बसलेलं की वेगळं काढता येत नाही. पण बाबांना लिहिता येत नव्हतं. सही तेवढी ज्योत्स्नानं शिकवली, ती करतानासुद्धा ते जीभ दातात धरून करतात. गाणी कुठं कागदावर नव्हती. पार्टीतले बाकीचे एकेक करून गेले, पेटीवाला गेला, ढोलकीवाला गेला, भामाबाई गेल्या. आता सगळी गाणी एका म्हाताऱ्या गळ्यात उरली होती.

ज्योत्स्नानं मनाशी घेतलं की बाबांच्या गाण्यांचं पुस्तक करायचं. स्वतः टाइप करायचं, स्वतः पानं लावायची, आणि बुद्धपौर्णिमेला गावातल्या विहारात बाबांच्याच हातून त्याचं प्रकाशन करायचं. तिच्या डोळ्यांपुढं मुखपृष्ठसुद्धा तयार होतं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय अवघड? म्हाताऱ्यानं सांगावं, पोरीनं लिहावं. पहिल्या दिवशी तसंच करून पाहिलं. बाबा खुर्चीत बसले आणि गप्प झाले. म्हणाले, गाणं सांगता येत नाही, गावं लागतं. बरं, गा म्हटलं, तर ते एवढ्या वेगानं पुढं गेले की ज्योत्स्ना दुसऱ्या ओळीवर आणि बाबा शेवटच्या कडव्यावर. मागं येऊन परत म्हणा म्हटलं की मुखड्यापासून सुरू. मधलंच कडवं तोडून देणं त्यांना जमेना, आणि जमवायचीही इच्छा नव्हती. मग तिनं मोबाइल पुढं धरला. बाबा मोबाइलकडं बघत राहिले आणि दोन ओळींत शब्द विसरले. त्यांचं म्हणणं, यात माणसं बोलतात, यात कुणी गातं होय? हातात काहीतरी धरायला पाहिजे.

शेवटी त्यांनी आपल्या पिशवीतून धुडक्यात बांधलेला माईक काढला. पार्टीचा जुना माईक, सगळा लोखंडी, पोचे पडलेला, हातोडीसारखा जड. ज्योत्स्नानं बाजारातून माईकच्या जाड पिनेला लावायची बारीक पिन आणली आणि तो कॉम्प्युटरला जोडला. बाबांनी माईक हातात घेतला आणि माणूसच बदलला. पाठ सरळ झाली. आधी उंबऱ्याशी जाऊन चपला काढून आले, मग पाय जमिनीला टेकवून बसले, डोळे मिटले आणि असा काही सूर लावला की माझ्या हातातली साडी उलट्या बाजूनं पिको झाली.

आणि पहिलं कडवं संपतं न संपतं तोच कॉम्प्युटर बंद. पडदा काळा, मग आपोआप चालू, मग कंपनीचं चिन्ह, आणि केलेलं रेकॉर्डिंग गायब. गाणं संपवून सेव्ह केल्याशिवाय ते राहत नव्हतं.

पहिल्या वेळी सगळे हसलो. लाईट गेली असेल म्हणून वर पाहिलं तर पंखा फिरत होता. बाबांनी परत गायलं, परत बंद. दुसऱ्या दिवशी तेच. कधी पडदा निळा व्हायचा आणि त्यावर इंग्रजीत काहीबाही यायचं, कधी नुसता जागच्या जागी थिजायचा, कधी सरळ मान टाकायचा. तसा तो हल्ली एरवीही अधूनमधून दगा द्यायचा, पण बाबांनी तोंड उघडलं की हमखास. त्यात बाबांचा स्वभाव असा की परत गाताना तेच गाणं तसंच यायचं नाही. कुठं ओळ वाढायची, कुठं शब्द बदलायचा. ज्योत्स्ना कपाळाला हात लावायची की बाबा, मघाचा शब्द किती छान होता, तोच घ्या की. बाबा म्हणायचे, गेला तो, आता हा घे.

छोटी छोटी गाणी कशीबशी निसटून आत शिरली. काही वेळा माईक नीट धरला जायचा नाही, टेबलावर पडून असायचा, तेव्हा कॉम्प्युटर टिकायचा, पण मग आवाज लांबून यायचा आणि बाबांचं मन लागायचं नाही. सगळ्यांत वांधा झाला तो आडाच्या गाण्याचा. ते बाबांनी आपल्या आईवर रचलेलं. गावच्या आडावर त्यांच्या माणसांना घागर टाकू देत नसत, कुणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर उभं राहायचं, त्या काळातलं गाणं.

‘आडाच्या काठाशी माझी माय उभी राही,
घागर हाती रिती, पाणी कुणी देत न्हाई.’

हे मला पाठ झालं, कारण याच्या पुढं गाडी जातच नव्हती. फार तर दुसऱ्या कडव्याच्या मध्यापर्यंत. शेवटचं कडवं ज्योत्स्नानं लहानपणी ऐकलेलं होतं. ते ऐकताना आईच्या मांडीवर आपण रडलो होतो एवढं तिला आठवत होतं, शब्द एकही आठवत नव्हता. ते कडवं पुस्तकात आलं नाही तर पुस्तक कशाला करायचं, असं ती मला एकदा म्हणाली.

मग मन्मथला बोलावलं. मन्मथ म्हणजे आमच्याकडचा कॉम्प्युटरचा डॉक्टर. पायात पांढरे बूट, पाठीला बॅग, आणि आजार न बघता औषध सांगायची सवय. पोरगा वाईट नाही, मेहनती आहे, पण त्याला गप्प बसून बघता येत नाही. आल्या आल्या म्हणाला, व्हायरस. सगळं पुसून नवीन भरलं. संध्याकाळी बाबा गायले, बंद. मग म्हणाला, गरम होऊन राहिलंय. डबा उघडला, आतली धूळ फुंकली, ती सगळी छताखालच्या मोकळ्या जागेतून माझ्या ब्लाऊजच्या कापडांवर आली. बाबा गायले, बंद. मग आतली एक पट्टी काढून खोडरबरानं घासली. मी वरून विचारलं की यानं काय होतं, तर म्हणाला, वहिनी, ही ट्रीटमेंट लातूरलासुद्धा हीच. मग आतला वीज देणारा डबाच बदलला. तो बदलल्यावर तो छातीठोकपणे म्हणाला की आता रात्रंदिवस गा. बाबांनी मुखडा घेतला, ‘आडाच्या काठाशी’, आणि ‘माय’ला कॉम्प्युटर गेला.

या सगळ्यात कुणाच्या लक्षात आलं नाही ते हे, की बाबा बोलायचे कमी झाले होते. आधी सकाळी माझ्या दारात उभं राहून म्हणायचे, आरतीबाई, तुमच्या मशीनचा ताल आज दादऱ्याचा दिसतोय. ते बंद झालं. चहा समोर ठेवला तर तो निवून जायचा. एक दिवस मी भिंतीपलीकडून ऐकलं. ज्योत्स्ना म्हणत होती की पुण्याला आदर्शदादाला विचारते, नवीन कॉम्प्युटर घेते. आदर्श तिचा भाऊ. आणि बाबा अगदी शांतपणे म्हणाले, “नवा कशाला? त्याच्यात काय बिघाड न्हाई. त्याला माझा आवाज चालंना गेलाय. म्हातारा झाला आवाज, पोरी. माणसं ऐकून घेतात, मशीन घेत न्हाई.”

मला असा राग आला. कॉम्प्युटरचा, मन्मथचा आणि बाबांचासुद्धा. ज्या माणसानं बिनमाईकचा आवाज तीन शेतं पलीकडं पोचवला, त्यानं एका खोक्याच्या म्हणण्यावर स्वतःला निकालात काढावं? पण बाबांनी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माईक परत धुडक्यात बांधला, धोतराच्या घड्या पिशवीत भरल्या आणि देगलूरची गाडी किती वाजता आहे ते मलाच विचारायला आले. ज्योत्स्ना मागं उभी, डोळे लाल. मी सांगितलं की गाडी गेली. खरं तर गाडीचं मला काही माहीत नव्हतं.

आणि लगेच मन्मथला फोन लावला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता ये, आणि बाबा गात असताना तिथं बसून राहा. आजवर तू कॉम्प्युटर बघितलास, रोगी कधी खोकतो ते बघितलंच नाहीस.

मन्मथ आला. बाबांना विनवण्या करून बसवलं. एकदाच, म्हटलं, आमच्यासाठी. त्यांनी चपला काढल्या, माईक घेतला, डोळे मिटले, आणि दुसऱ्या ओळीला कॉम्प्युटर ठप्प.

“बघितलं?” बाबा म्हणाले आणि माईक खाली ठेवला.

मन्मथला काय सुचलं कोण जाणे, त्यानं कॉम्प्युटर चालू केला, माईक उचलला आणि स्वतः गायला लागला. देवळातली आरती की लग्नातलं गाणं, ते त्याच्या आवाजावरून ओळखू येत नव्हतं. मांजर शेपटीवर पाय पडल्यावर बरं ओरडेल. आणि कॉम्प्युटर चालू. तो थांबला, पाणी प्याला, परत गायला. कॉम्प्युटर आपला मजेत चालू. मग ज्योत्स्नानं माईक घेतला आणि रबरी स्लिपर घातलेल्या पायांवर उभं राहून दोन ओळी म्हटल्या. तरी चालू. बाबांनी मान खाली घातली. त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

मला राहवेना. मी मशीनवरून उठले तशी तडक तिच्या दुकानात गेले, ज्योत्स्नाच्या हातातून माईक हिसकावला आणि म्हटलं, आता मी गाते, माझ्या आवाजाला कोणी आवाज म्हणत नाही, बघू काय करतो हा मेला. तोंड उघडून नुसतं ‘आ’ केलं आणि कॉम्प्युटर बंद.

माझ्या तळहातात मुंग्या चालल्यासारखं झालं.

“अगं बाई, हे तर चावतंय,” मी माईक टेबलावर टाकत म्हटलं.

मन्मथनं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. पायाचं मशीन मी अनवाणी चालवते, चप्पल घालून पायट्याचा अंदाज येत नाही. तशीच आले होते. मग त्यानं बाबांच्या पायांकडं बघितलं. बाबाही अनवाणी. आयुष्यात कधी पायात चप्पल ठेवून गायले नाहीत. ज्यांच्यामुळं गाता आलं त्यांचं नाव घेताना पायात वहाण नको, असा त्यांच्या पार्टीचा नेमच होता. ज्योत्स्नाच्या पायात रबर, मन्मथच्या पायात बूट. एवढे दिवस तो पांढरे बूट घालून अनवाणी माणसाचा आजार शोधत होता.

त्यानं खिशातून टेस्टर काढला आणि कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला लावला. टेस्टर पेटला. माईकला लावला, तिथंही पेटला. मग त्यानं आम्हाला साध्या शब्दांत सांगितलं, आणि पहिल्यांदाच त्याचं बोलणं मला कळलं. डब्यात थोडा करंट उतरतो तो अर्थिंगच्या तारेनं जमिनीत निघून जायला पाहिजे. इथं तो जात नाहीये. डब्यात साठून राहतो, तिथून माईकमधे येतो, आणि अनवाणी माणसानं माईक धरला की त्याच्या अंगातून जमिनीत जातो. त्या हिसक्यानं कॉम्प्युटर मान टाकतो. बरं, हे हसण्यावारी न्यायचं नाही, म्हणाला, आज मुंग्या आल्यात, उद्या जोराचा धक्का बसला असता.

ज्योत्स्ना बाबांवर उखडली. एवढे दिवस करंट लागत होता तर सांगायचं नाही का? बाबा आपले निरागस. म्हणाले, “करंट मला ठावं न्हाई व्हय? लाऊडस्पीकरचा झटका कोपरापत्तर जातो. हे तर बारीक झिणझिण्या होत्या. गाणं चांगलं लागलं की मला पहिल्यापासून तशा येतात. मी म्हणलं, आवाज गेला पण झिणझिण्या तरी राहिल्यात.”

मन्मथ हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात आला. मी हसले, ज्योत्स्ना रडता रडता हसली. बाबा मात्र हसले नाहीत. माईककडं बघत होते. त्यांना कळलं होतं की आवाजाचा दोष नाही, पण त्याबरोबर हेही कळलं होतं की इतके दिवस ज्याला आपण गाण्याची खूण समजलो ती विजेच्या तारेतली होती. ते हळूच मला म्हणाले, मग आमच्या त्या खऱ्या कुठं गेल्या म्हणायच्या?

आता प्रश्न, अर्थिंग गेलं कुठं. दुकानाची अर्थिंगची पट्टी मागच्या बोळात पुरलेली, मीठ-कोळसा घालून, हे घर बांधलं तेव्हाचं. आम्ही सगळे मागं गेलो. आणि तिथं मी कपाळावर हात मारला.

मागच्या बोळात घरमालकाच्या आईचं, सिद्धम्मांचं, कढीपत्त्याचं झाड आहे. सिद्धम्मा माहेरच्या बिदरच्या, अर्धी मराठी अर्धी कानडी बोलतात, आणि झाडाशी पूर्ण कानडी. रोज सकाळी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, वर एक कळशी, त्या झाडाच्या बुडाशी ओतायच्या. अर्थिंगची पट्टी त्याच झाडाच्या बुडात. म्हणजे इतकी वर्षं या बाईनं कढीपत्त्याला म्हणून घातलेलं पाणी कॉम्प्युटरला मिळत होतं, आणि हे ना तिला माहीत, ना कॉम्प्युटरवालीला.

आणि आता ते झाड वाळून कोळ झालं होतं. माती भेगाळलेली, पट्टीभोवतीचा कोळसा कोरडा ठक्क. कोरड्या मातीत करंट उतरत नाही.

कारण मला ठाऊक होतं, ज्योत्स्नालाही. होळीच्या सुमाराला तिच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला ओल धरली. तिला वाटलं, ही ओल टेबलापर्यंत आली तर कॉम्प्युटर खराब होईल. तिनं जाऊन सिद्धम्मांना सांगितलं की आज्जी, तिथं पाणी घालू नका, माझ्या कॉम्प्युटरला ओल लागते. चांगल्या तोंडानंच सांगितलं. पण सिद्धम्मांना ते लागलं. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेराहून आणलेलं ते रोप. त्या “बेडा तर बेडा”, म्हणजे नको तर नको, एवढंच म्हणून कळशी आत घेऊन गेल्या आणि त्या दिवसापासून पाणी बंद. पाणी बंद, ज्योत्स्नाला अधूनमधून मिळणारी पुरणाची होळगी बंद, आणि समोरून जाताना बघणंही बंद. आणि कॉम्प्युटरचा आजार सुरू झाला तो त्यानंतरच. ज्या कॉम्प्युटरला जपायला पाणी तोडलं, तो त्या पाण्यावरच जगत होता.

आमच्या शेतात उन्हाळा लागला की डीपीच्या अर्थिंगला घागरभर पाणी ओतल्याशिवाय मोटार नीट ओढत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मन्मथचा बाप शेतकरी, माझा नवरा शेतकरी. पण टाइल्स बसवलेल्या दुकानात बसलं की कुणाला अर्थिंगची आठवण येत नाही. बरं, ज्योत्स्नाला ओलीचीच भीती होती तर टेबल समोरच्या भिंतीला सरकवायचं होतं. तेवढी अक्कल तेव्हा कुणालाच आली नाही, मला धरून.

ज्योत्स्ना सिद्धम्मांच्या दारात गेली. मी मागं होतेच. तिनं सगळं सरळ सांगून टाकलं, माझं चुकलं म्हणाली, आणि पाया पडली. सिद्धम्मा पाटावर बसून शेंगा फोडत होत्या. हात न थांबवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे माझ्या झाडाला बेडा,” त्या म्हणाल्या, “आणि तुझ्या तारेला पायजे?”

“दोघांला पायजे, आज्जी.”

“मरून राहिलंय ते. रोज बघते मी खिडकीतून.” आता त्यांचा हात थांबला होता. “तू एकदा येऊन बघितलीस का?”

ज्योत्स्नानं ते बघितलंच नव्हतं. सिद्धम्मा गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि न्हाणीतून भरलेली कळशी घेऊन आल्या. ज्योत्स्ना ती घ्यायला पुढं झाली तर तिला देईनात. स्वतः नेली, स्वतः ओतली. मातीनं पाणी असं चर्र करून प्यायलं की आम्हाला ऐकू आलं. मन्मथनं पट्टीचा गंजलेला नट घासून आवळला, माझ्या घरून मीठ आणलं, इस्त्रीवाल्याकडचा कोळसा आणला, तो भरला. टेबल समोरच्या भिंतीला गेलं. मन्मथनं प्रत्येक गोष्टीला टेस्टर लावून बघितला, डब्याला, माईकला, आणि नको म्हणत असताना माझ्या शिलाई मशीनलासुद्धा. कुठंच पेटला नाही. वर त्यानं डब्यातून उतरणारा करंट दिसला की लाईटच बंद करणारं एक बटण बोर्डात बसवलं आणि बाबांना म्हणाला, आता अनवाणीच गा.

बाबा नको नको म्हणत होते. पिशवी अजून भरलेलीच होती. ज्योत्स्नानं पिशवीतून माईक काढला, धुडकं सोडलं आणि तो त्यांच्या हातात ठेवला.

बाबा उंबऱ्याशी गेले, चपला काढल्या, येऊन बसले. मी दारातच उभी होते. मागच्या खिडकीच्या गजांतून सिद्धम्मांचं कुंकू आणि विभूती लावलेलं कपाळ दिसत होतं. दुसरी कळशी घेऊन आल्या होत्या, ओतायच्या थांबल्या होत्या.

‘आडाच्या काठाशी’ सुरू झालं. पहिलं कडवं गेलं. आमची सगळ्यांची नजर पडद्यावर. दुसऱ्या कडव्याचा तो मध्य आला जिथं नेहमी सगळं संपायचं, तिथं ज्योत्स्नानं टेबलाची कड घट्ट धरली. तो मध्यही गेला. आवाज आता मोकळा झाला होता. मधे एक तेलुगू ओळ आली, तिचा अर्थ मला कळला नाही. आणि मग बाबा थांबले, श्वास घेतला, आणि खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखं, शेवटचं कडवं म्हटलं.

‘आता नळ आला दारी, माय राहिली न्हाई,
भरल्या घागरीत तिची सावली मी पाही.’

खिडकीबाहेर पाणी ओतल्याचा आवाज झाला. बराच वेळ सावकाश ओतत होत्या.

बाबांनी डोळे उघडले आणि उजवा हात पुढं धरून त्याच्याकडं बघत बसले. हातावरचे सगळे पांढरे केस उभे राहिले होते. ज्योत्स्ना दचकून उठली. बाबा, करंट आला का, सोडा तो माईक. मन्मथनं धावत टेस्टर लावला, डब्याला, माईकला. काहीच नाही.

बाबा हसले. कित्येक दिवसांनी.

“करंट न्हाई, पोरी,” ते म्हणाले. “हे माझं हाय.”

कॉम्प्युटर चालूच होता. ज्योत्स्नानं आधी सेव्ह केलं, आणि मग रडायला बसली.